फ्लशला टँकर आणि गटारात एसटीपीचं पाणी: १२० फ्लॅटच्या सोसायटीने काय करावं

प्रश्न असा: पुण्यातली दोन विंगची, १२० फ्लॅटची सोसायटी. बिल्डरने ६० केएलडीचा, म्हणजे दिवसाला ६० हजार लिटर क्षमतेचा एमबीबीआर पद्धतीचा (प्लॅस्टिकच्या तुकड्यांवर वाढलेल्या जिवाणूंकडून घाण खाववणारा) एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लँट दिला आहे आणि फ्लशसाठी वेगळी लाइनही टाकली आहे. एसटीपी नावापुरता चालतो, त्याचं पाणी ड्रेनेजला जातं. फ्लशच्या टाकीत महापालिकेचं आणि फेब्रुवारीनंतर टँकरचं पाणी भरलं जातं. 'संडासाचं पाणी परत घरात नको' असं बरेच सभासद म्हणतात. एका विक्रेत्याने नव्या यंत्रणेचं कोटेशन दिलं आहे. ती घ्यावी का, सभासदांना कसं तयार करावं आणि उरलेलं पाणी शेजारच्या सोसायटीला देता येईल का?

नवी यंत्रणा आत्ता घेऊ नका. यंत्र नीट चाललं नाही याचं कारण शोधलं नाही, तर नवीनही दोन वर्षांत तसंच पडून राहील. तुमच्याकडे वेगळी फ्लशलाइन आधीपासून आहे, ही सगळ्यात महागडी आणि नंतर करायला सगळ्यात कटकटीची गोष्ट. ती नसलेल्या जुन्या इमारतींना बाग आणि गाडी धुण्यापलीकडे जाता येत नाही. निम्मी लढाई तुम्ही जिंकलेली आहे.

आधी मोजा. महापालिकेचा नळ, बोअर, टँकर, एसटीपीतून बाहेर पडणारं पाणी आणि फ्लशच्या टाकीकडे जाणारा पंप, या पाच जागी मीटर लावा आणि १५ दिवस रोज एकाच वेळी नोंद घ्या. मीटर येईपर्यंत अंदाज हवा असेल तर हिशेब सोपा आहे. १२० घरं, घरटी चार माणसं, म्हणजे ४८० माणसं. माणशी १३५ लिटर या मानकाने रोज ६५ हजार लिटर. त्यातले माणशी ४५ लिटर फ्लशसाठी धरतात, म्हणजे साधारण २१,५०० लिटर. तीन आणि सहा लिटरच्या दुहेरी बटणाच्या टाक्या असतील तर हा आकडा माणशी ३० पर्यंत उतरतो. बागेला दर चौरस मीटरला रोज चार ते पाच लिटर. ६०० चौरस मीटर बाग असेल तर तीन हजाराच्या आत. सांडपाणी मात्र वापराच्या ८० टक्के, म्हणजे ५२ हजार लिटरच्या आसपास तयार होतं. थोडक्यात, तुम्ही सगळं पाणी वापरूच शकणार नाही. जास्तीत जास्त निम्मं वापराल. हे आकडे सभेत पहिल्यांदा मांडा. 'सगळं पाणी फिरवून वापरायचं' असा समज पसरला की लोक घाबरतात.

मोजताना आणखी एक गोष्ट बहुतेक ठिकाणी सापडते: मध्यरात्री दोन ते चार या वेळात टेरेसच्या फ्लशच्या टाकीची पातळी उतरत राहते. कारण गळके सिस्टर्न, म्हणजे कमोडमागच्या छोट्या टाक्या. कमोडमध्ये पाण्याचा बारीक ओघळ दिसत असेल तर एक टाकी दिवसाला शंभर-दोनशे लिटर सहज वाया घालवते. प्लंबरकडून घरोघरी वॉशर बदलून घ्या. यापेक्षा स्वस्त पाणी कुठेही मिळत नाही.

आता एसटीपी. ऑपरेटरला 'चालतो का' असं विचारू नका, उत्तर नेहमी 'हो' असतं. खाली जाऊन स्वतः बघा. एअरेशन टाकीचा (जिथे जिवाणूंना हवा मिळते ती टाकी) ब्लोअर, म्हणजे हवा ढकलणारं यंत्र, दहा मिनिटं बंद करायला सांगा. एमबीबीआरमधले प्लॅस्टिकचे गोल तुकडे, ज्याला सगळे मीडिया म्हणतात, ते पाण्यापेक्षा किंचित हलके असल्याने वर येऊन थर धरतात. काठी घालून थराची जाडी मोजा. पाण्याची खोली तीन मीटर असेल तर थर एक मीटरच्या आसपास हवा. वीतभरच निघाला तर मीडिया मुळात कमी भरलेला आहे किंवा जाळी फाटून पुढच्या टाकीत निघून गेला आहे. सेटलिंग टाकीच्या (जिथे गाळ खाली बसतो) तळाशी आणि पंपाच्या तोंडाशी तो सापडेल. मग मूठभर मीडिया हातमोजे घालून बाहेर काढा. आतल्या कप्प्यांत तपकिरी, बुळबुळीत थर असेल तर जिवाणू जिवंत आहेत. पांढराशुभ्र असेल तर ते उपाशी आहेत किंवा कशाने तरी मारले गेले आहेत. काळा आणि कुजका वास येत असेल तर हवा कमी पडते आहे.

ब्लोअर परत सुरू करून पृष्ठभाग बघा. सगळीकडे सारखे बारीक बुडबुडे हवेत. एका जागी उकळी आणि बाकी पाणी शांत, याचा अर्थ तिथला डिफ्युझर, म्हणजे तळाशी बुडबुडे सोडणारा भाग, फाटला आहे आणि बाकीचे तुंबले आहेत. रबरी पडद्याचे डिफ्युझर तीन ते पाच वर्षांत बदलावेच लागतात, पण बदलायचे म्हणजे टाकी रिकामी करायची, म्हणून सगळे टाळतात. विरघळलेला ऑक्सिजन मीटरने मोजा: एअरेशन टाकीत लिटरला निदान दोन मिलिग्रॅम, एमबीबीआरला तीन असेल तर उत्तम.

तुमच्या वर्णनावरून दोन गोष्टींचा संशय येतो. पहिली, रात्री आवाजाच्या तक्रारीमुळे ब्लोअर बंद ठेवला जातो. हे जवळजवळ सार्वत्रिक आहे. सहा-सात तास हवा बंद झाली की पाणी सडतं, सकाळी ब्लोअर सुरू केल्यावर तो वास तळमजल्यावर पसरतो आणि मग वासामुळे तक्रारी येतात. ब्लोअर बंद करणं हा उपाय नाही. त्याला ध्वनिरोधक खोका, खाली रबरी पॅड, सायलेन्सर आणि पाइपला लवचीक जोड द्या. भिंतीला घट्ट क्लॅम्प केलेला हवेचा पाइप पहिल्या मजल्यापर्यंत घरघर पोचवतो, तो क्लॅम्प आधी तपासा. दुसरी गोष्ट म्हणजे गाळ. वाढलेल्या जिवाणूंचा जास्तीचा गाळ रोज थोडा काढावा लागतो. तुमच्या आकाराच्या प्लँटमध्ये रोज पाच-सात किलो सुका, म्हणजे पातळ स्वरूपात निदान अर्धा घनमीटर. फिल्टर प्रेस (गाळातलं पाणी दाबून काढणारं यंत्र) चालवायला वेळ लागतो आणि घाणही होते, म्हणून ऑपरेटर तो काढतच नाही. मग तो सेटलिंग टाकीत साचतो, तिथे कुजून वायू धरतो आणि ढेकळं होऊन वर तरंगतो, तिथून वाळूच्या फिल्टरमध्ये जातो आणि फिल्टर दिवसाआड तुंबतो. लोक फिल्टरला दोष देतात.

फिल्टरच्या आधी आणि नंतरच्या दाबाच्या गेजमध्ये अर्ध्या किलोचा फरक पडला की बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं, दहा ते पंधरा मिनिटं, पाणी नितळ दिसेपर्यंत. गेज बंद पडलेले असतात. चारशे-पाचशे रुपयांची ही वस्तू पहिल्या दिवशी बदला. कार्बन फिल्टरमधला कार्बन साधारण वर्षभरात संपतो. त्याची काळी पूड फ्लशच्या पाण्यात येऊ लागली तर आतली जाळी तुटली आहे.

दुरुस्तीनंतर सुरुवात करताना शेणकाला टाकायची पद्धत आहे. तिचा उपयोग थोडा, त्रास जास्त: तंतू डिफ्युझरवर आणि पंपात बसतात. जवळच्या चांगल्या चालणाऱ्या एसटीपीचा ताजा गाळ एखादा सक्शन टँकर भरून आणा. मीडियावर थर धरायला तीन-चार आठवडे लागतात. तेवढे दिवस पाणी ड्रेनेजलाच सोडा आणि कुणालाही नमुना दाखवू नका. पहिल्या आठवड्यातली गढूळ बाटली एकदा व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेली की वर्षभर तीच फिरते.

सभासदांकडूनही प्लँट मरतो. दिवाळीच्या साफसफाईत एकाच दिवशी शंभर घरांतून फिनेल, ॲसिड आणि ब्लीच खाली येतं, आणि पाठोपाठ अर्धी सोसायटी गावाला जाते. आधी विष, मग उपासमार. त्या आठवड्यात ब्लोअरचे तास कमी करा आणि हाउसकीपिंगवाल्यांना ॲसिड वापरू देऊ नका. सोसायटीत सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) असेल तर त्याचं खारट पाणी एसटीपीत न सोडता बाहेर काढा.

बाहेर पडणाऱ्या पाण्याची अपेक्षा लिहून ठेवा: बीओडी (सेंद्रिय घाणीचं माप) लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत, गढूळपणा दोन एनटीयूच्या आत, पीएच ६.५ ते ८.३, विष्ठेतले कोलिफॉर्म शून्य. फ्लशच्या टाकीत उरलेला क्लोरीन एक मिलिग्रॅमच्या आसपास. २५ हजार लिटरला लिटरमागे पाच मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचा तर १२५ ग्रॅम लागतो, म्हणजे १० टक्क्यांचं हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) रोज सव्वा लिटर. हायपो उन्हात झपाट्याने निकामी होतं, म्हणून उन्हाळ्यात महिन्याचे कॅन भरून ठेवू नका. टाकल्यावरही क्लोरीन शिल्लक दिसत नसेल तर पाण्यात अमोनिया राहतो आहे, तो क्लोरीन खाऊन टाकतो. अशा वेळी हायपो वाढवण्याआधी हवा वाढवा. ओटीच्या (ऑर्थोटॉलिडिन, क्लोरीन तपासायचं रसायन) थेंबांनी तपासताना पिवळा रंग लगेच आला तर तो मोकळा क्लोरीन. पाच मिनिटांनी हळूहळू चढला तर तो अमोनियाशी बांधलेला, जंतू मारायला कमजोर.

कंत्राटाबद्दल थोडक्यात. सगळ्यात कमी दराचं एएमसी (वार्षिक देखभाल कंत्राट) म्हणजे दोन सोसायट्यांत मिळून एक ऑपरेटर. कंत्राट 'चालवण्याचं' नको, 'पाण्याच्या गुणवत्तेचं' हवं. महिन्यातून एकदा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेत तपासणी, नमुना कमिटीचा माणूस भरणार, आकडे बसले नाहीत तर बिलात कपात. टाकीत माणूस उतरवायचा नाही, हे कंत्राटात ठळक लिहा. कलेक्शन टाकीत, म्हणजे सांडपाणी आधी जमा होतं तिथे, हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साचतो. एका श्वासात माणूस बेशुद्ध पडतो आणि वाचवायला उतरलेला दुसराही जातो. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने संरक्षण साधनांशिवाय असं काम करून घेणं गुन्हा आहे आणि जबाबदारी काम करून घेणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर येते.

ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील तर स्वतःच्या खिशात हात घालण्याआधी रेरा कायद्याचं (घरखरेदीदारांना संरक्षण देणारा कायदा) कलम १४(३) बघा. सुविधांमधल्या दोषांची जबाबदारी त्या काळात बिल्डरची असते. लेखी नोटीस दिल्यावर ३० दिवसांत त्याने विनाशुल्क दुरुस्ती करायची असते. मुदत उलटून गेली असेल तर उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंड दरवर्षी जमा व्हायला हवा. डिफ्युझर, फिल्टर, ब्लोअर दुरुस्ती ही कामं पहिल्यातून निघतात.

पैशाच्या हिशेबात एक घोळ हमखास होतो. एसटीपीचा खर्च आणि टँकरची बचत यांची थेट वजाबाकी केली जाते. पाच अश्वशक्तीचा ब्लोअर (सलग बंद न ठेवता, थोडा थोडा थांबवत) १८ तास आणि पंप मिळून रोज ९० युनिटच्या आसपास वीज, दोन पाळ्यांचे ऑपरेटर, रसायनं. यासमोर महापालिकेचं पाणी जवळजवळ फुकट असतं, त्यामुळे पावसाळ्यात आणि हिवाळ्यात हिशेब तोट्यात दिसतो आणि ट्रेझरर प्लँट बंद ठेवायला सुचवतात. पण बांधकाम परवानगीत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीत एसटीपी चालवणं बंधनकारक असेल, तर सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च पाणी वापरा किंवा न वापरा, करावाच लागतो. फेरवापराच्या नावावर फक्त वरचा खर्च धरा: फ्लशच्या टाकीपर्यंतचा पंप, क्लोरीन, थोडा जास्त बॅकवॉश. तो नगण्य असतो, आणि त्याच्यासमोर उन्हाळ्यात १० हजार लिटरचे रोज दोन टँकर वाचतात. सभेत हा तक्ता असाच दोन भागांत मांडा. उपविधींत पाण्याचा आकार नळांच्या संख्येवर ठरतो, वापरावर नाही, त्यामुळे 'मी वाचवून मला काय' हा प्रश्न येणारच. घरटी मीटर लावायचं मनात असेल तर आधी शाफ्ट (पाइप वर-खाली जातात त्या पोकळ्या) मोजा: स्वयंपाकघर आणि दोन बाथरूम वेगवेगळ्या शाफ्टमधून येत असतील तर एका घराला तीन मीटर लागतात आणि तिथेच बहुतेक सोसायट्या माघार घेतात.

सगळ्यात जास्त जपायचं ते पुढचं. फ्लशलाइनमध्ये प्रक्रिया केलेलं पाणी सोडण्याआधी प्रत्येक घर तपासलंच पाहिजे. कारण जेट स्प्रे. अनेक बाथरूममध्ये सिस्टर्न आणि जेट एकाच दुहेरी अँगल कॉकवर असतात, आणि तो कॉक फ्लशलाइनवर असतो. आजवर दोन्ही लाइनींत एकच पाणी होतं म्हणून कुणाला पत्ता नव्हता. एसटीपीचं पाणी सोडलं की तेच जेटमधून अंगाला लागणार. जेट घरगुती पाण्याच्या लाइनवर हलवा. तोवर त्या घराचा फ्लशचा कॉक बंद. इंटिरियरवाल्याने वॉशिंग मशीन किंवा बेसिन जवळची लाइन म्हणून फ्लशलाच जोडलेलं असतं, तेही यातच सापडतं.

तपासणी अशी करा. दोन तास आधी कळवून घरगुती पाण्याच्या टेरेस टाकीचे सगळे व्हॉल्व्ह बंद करा. मग प्रत्येक घरात सगळे नळ, गीझर, जेट उघडा. साठलेलं पाणी निचरून गेल्यावरही कुठून पाणी येत राहिलं तर तिथे फ्लशलाइनशी जोड आहे. मग उलट: फ्लशची टाकी बंद, घरगुती सुरू, आणि प्रत्येक सिस्टर्न भरतो का बघा. भरला तर जोड आहे. एका विंगला एक रविवार लागतो. ज्या घरांना कुलूप आहे त्यांची यादी वेगळी ठेवा आणि ती घरं तपासल्याशिवाय त्यांची राइजर, म्हणजे त्या रांगेचा उभा पाइप, सुरू करू नका. टेरेसवर फ्लशच्या टाकीत महापालिकेचं पाणी भरणारा पाइप टाकीच्या ओव्हरफ्लोच्या वरून, मोकळ्या हवेतून पडला पाहिजे. अंतर निदान पाइपच्या व्यासाच्या दुप्पट. व्हॉल्व्हवर भरवसा ठेवून दोन्ही लाइनी जोडून ठेवणं म्हणजे एक दिवस पिण्याच्या टाकीत हेच पाणी. फ्लशलाइनला वेगळा रंग, व्हॉल्व्हला कुलूप, आणि यापुढे घराच्या प्रत्येक नूतनीकरणाच्या एनओसीत 'फ्लशलाइनला हात लावायचा नाही' ही अट.

सभासदांच्या विरोधाबद्दल. शास्त्रीय व्याख्यानाने किळस जात नाही, आणि विरोध करणाऱ्यांना अडाणी ठरवलं तर ठराव पडतो. त्यांची भीती रास्त आहे, कारण आजवर त्यांनी बंद प्लँटच बघितला आहे. सरसकट ठराव मांडू नका. असा मांडा: 'कमिटी सदस्य राहतात त्या विंगच्या फ्लशलाइनला ९० दिवस प्रक्रिया केलेलं पाणी द्यावं. क्लोरीन आणि गढूळपणाचे रोजचे आकडे लिफ्टशेजारी फलकावर लावावेत. क्लोरीन ०.५ च्या खाली गेल्यास त्याच दिवशी महापालिकेच्या पाण्यावर परतावं.' शेवटची ओळ फार महत्त्वाची आहे. परत फिरण्याची वाट कागदावर दिसली की 'नको' म्हणणारे 'बघू' म्हणतात. त्याआधी महिनाभर बागेला हेच पाणी द्या, ठिबकने. फवारा नको, थेंब हवेत उडतात.

सुरू झाल्यावर तीन तक्रारी ठरलेल्या. पाणी पिवळट दिसतं: थोडी छटा राहतेच, पांढऱ्या कमोडमध्ये ती उठून दिसते. वाढत असेल तर कार्बन संपला. सकाळी वास येतो: टेरेसच्या टाकीत पाणी दीड-दोन दिवस पडून राहतं, क्लोरीन उडतो. टाकी मोठी असेल तर फ्लोट खाली करून अर्ध्या दिवसाचंच पाणी भरा. तिसरी म्हणजे फ्लशमध्ये लाल अळ्या. या अळ्या टाकीत अंडी घालणाऱ्या माशीच्या असतात, नळातून 'येत' नाहीत. ओव्हरफ्लो आणि हवेच्या पाइपला बारीक जाळी, झाकण घट्ट, टाकी धुऊन घ्या. सिस्टर्नचे व्हॉल्व्ह अडकू नयेत म्हणून टेरेसकडे जाणाऱ्या पंपानंतर १०० मायक्रॉनचा डिस्क फिल्टर बसवा आणि तो दर आठवड्याला धुवा.

पावसाचं पाणी या सगळ्यापासून वेगळं ठेवा. पुण्यात १,००० चौरस मीटर गच्चीवर ७०० मिलिमीटर पाऊस आणि २० टक्के घट धरली तर वर्षाला साडेपाच लाख लिटर पाणी मिळतं, पण बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, जेव्हा टंचाई नसते. पहिल्या सरींचे दीड मिलिमीटर, म्हणजे दीड हजार लिटर बाजूला सोडा आणि उरलेलं फिल्टरमधून भूमिगत टाकीत किंवा पुनर्भरणाला न्या. आपल्या बेसाल्ट खडकात प्रत्येक बोअर पाणी घेतंच असं नाही. एक टँकर ओतून पातळी किती वेळात उतरते ते पाहून मग खर्च करा. एसटीपीचं पाणी बोअरमध्ये कधीही सोडू नका.

शेजारच्या सोसायटीचं म्हणाल तर देता येईल, पण घाईने नको. तुमच्याकडे रोज २५ हजार लिटरच्या आसपास उरेल, तेही सोसायटी भरलेली असताना. मे महिन्यात, जेव्हा त्यांना सगळ्यात जास्त गरज, तेव्हा तुमच्याकडे लोक सुटीला गेलेले असतात. सहा महिन्यांचे मीटरचे आकडे हाती आल्यावर आधी महापालिका आणि प्रदूषण मंडळाला लेखी विचारा. रस्ता ओलांडून पाइप टाकायला खोदाईची परवानगी लागते, त्यामुळे सामाईक भिंत असलेला शेजारी असेल तरच पाइपचा विचार करा. नाहीतर बांधकामावरच्या क्युरिंगसाठी (काँक्रीट ओलं ठेवायला) आणि धूळ बसवण्यासाठी टँकर भरून नेणारे गिऱ्हाईक बरे. टँकरवर 'पिण्यासाठी नाही' असं लिहिलेलं आणि खेपांची नोंदवही, दोन्ही तुमच्याकडे हवं. तोच टँकर संध्याकाळी दुसऱ्या सोसायटीला पिण्याचं पाणी देणार नाही याची खात्री टँकरवाल्याच्या तोंडी शब्दावर सोडू नका.